पॉइंट टू टूच्या गर्दीत: सीमाभागातल्या नवख्यासाठी काडतूस निवडीचा क्रम

पॉइंट टू टू म्हणजे .२२, इंचाच्या साधारण शंभरातले बावीस भाग एवढ्या जाडीची गोळी; पण या नावाची काडतुसं अनेक. यूट्यूबवर अमेरिकेतला एखादा शेतकरी त्यातल्या .२२-२५० ने लांबवरचा कोल्हा टिपताना दिसतो आणि कर्नाटकातल्या निपाणी-चिक्कोडीकडचा पोरगा विचारतो, "काका, यातलं आपण कुठलं घ्यायचं?" त्याला उत्तर देण्याआधी क्रम उलटा करून सांगावा लागतो. तिकडे आधी जनावर ठरतं, मग काडतूस, मग रायफल, आणि कागद शेवटी. आपल्याकडे आधी कागद, म्हणजे लायसन आणि परवानग्या. मग दुकानात काय मिळतं ते, मग नळीवर काय कोरलंय ते, आणि गोळीचा वेग सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर पैसेही वाचतील आणि कोर्टाच्या फेऱ्याही.

पहिली पायरी: शिकारीचा विषय आधी मिटवा

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे, आणि शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, हाकणं, तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. ससा, साळिंदर, भेकर, मोर, रानडुक्कर, सगळे या कायद्याखाली आहेत. "आमच्या आजोबांकडे शिकारीची बंदूक होती" हे खानापूर भागात बऱ्याच घरांत ऐकायला मिळतं आणि ते खरंही असतं, पण आजोबांचा काळ वेगळा होता.

उरतो पिकाचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. भात कापणीला आला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत खाचरं तुडवून जातो, उसात तर दिवसाही मुक्काम ठोकतो. कायद्यात त्यासाठी एक वाट ठेवलेली आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्यानंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका होत असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी आदेश देऊ शकतो. लेखी. "गार्डसाहेब हो म्हणाले" याला काही किंमत नाही. आणि सीमाभागात एक गोष्ट नेहमी विसरली जाते: चंदगड किंवा आजऱ्याकडच्या पाहुण्याला महाराष्ट्राच्या वनखात्याने काही परवानगी दिली असली तरी ती तुमच्या बांधापर्यंत येत नाही. जमीन कर्नाटकात, तर आदेशही कर्नाटकाचाच लागतो.

परवानगीने मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं, त्याचं मटण तुमचं नसतं. हे ऐकल्यावर निम्म्या लोकांचा उत्साह तिथेच ओसरतो. ज्यांचा ओसरत नाही त्यांनी नुकसानीचे फोटो काढून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज आधी टाकावा. बंदुकीपेक्षा तो रस्ता कमी खर्चाचा आहे.

दुसरी पायरी: कुठलं हत्यार कशासाठी, हे कायद्याने आधीच ठरवलंय

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ नवख्याने एकदा तरी शांतपणे वाचावं. त्यात लायसन द्यायच्या कारणांची विभागणीच केलेली आहे. संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक. आणि .२२ बोअरची रायफल? ती नेमबाजीच्या सरावासाठी, आणि तीही केंद्र सरकारचं लायसन किंवा मान्यता असलेल्या रायफल क्लबच्या सभासदाला.

म्हणजे "डुकरांसाठी .२२ पाहिजे" असा अर्ज कायद्याच्या रचनेशीच भांडतो. अनुभवी कारकून तो वाचून मान हलवतो, आणि त्याचं चुकत नाही. शेतकऱ्याने ठासणीची मागावी, ती पुरत नसेल तर तसं कारण देऊन बारा बोअर. ज्याला .२२ हवी त्याने आधी क्लबचा सभासद व्हावं. दोन्ही कारणं एकाच अर्जात कोंबली की अर्ज रेंगाळतो.

अर्ज जिल्हाधिकारी कचेरीत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या डीसी ऑफिसात जातो. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे शहरवासीयांनी आपला अर्ज नेमक्या कुठल्या टेबलावर जातो ते आधी विचारून घ्यावं. शस्त्र नियम २०१६ नुसार हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. पोलीस चौकशीचे कागद कन्नडमध्ये येतात. सही करण्याआधी वाचता येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, विशेषतः पत्ता आणि सर्व्हे नंबर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात आणि लायसन पाच वर्षांचं असतं.

खानापूर तालुक्यात आणखी एक अडथळा आहे. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. वन्यजीव कायद्याचं कलम ३४ सांगतं की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवं शस्त्र लायसन मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही, आणि ज्यांच्याकडे आधीपासून हत्यार आहे त्यांनाही तिकडे नोंद करावी लागते. हेमाडगा, गवाळीकडच्या माणसाने हे गृहीत धरूनच कागद तयार करावेत. गोकाककडे घटप्रभा पक्षी अभयारण्याच्या आसपासही तोच नियम.

तिसरी पायरी: सारख्या दिसणाऱ्या नावांची ओळख

आता काडतुसं. इथे जरा थांबू, कारण घोटाळा इथेच होतो.

पहिला भेद रिमफायर आणि सेंटरफायरचा. रिमफायरमध्ये पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या काठात भरलेला असतो, आणि चाप दाबल्यावर आपटणारी पिन, म्हणजे घोड्याची टाच, त्या काठावर बसते. सेंटरफायरला बुडाच्या मधोमध वेगळी टोपी असते. रिमफायरचं कवच पातळ, दाब कमी, किंमत कमी, आणि एकदा उडवलेलं कवच पुन्हा भरता येत नाही. सेंटरफायरचं येतं.

इथल्या रिमफायर नावांत .२२ शॉर्ट हे सगळ्यात जुनं, १८५७ सालचं. .२२ लाँग रायफल १८८७ चं. जगभर "टू टू" म्हटलं की बहुतेक वेळा हेच. गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम; वेग सेकंदाला ३२० ते ३८० मीटर. .२२ मॅग्नम १९५९ मध्ये आलं. गोळी तेवढ्याच वजनाची, पण तांब्याच्या आवरणाची आणि सेकंदाला ५७० मीटरच्या आसपास पळणारी, म्हणून ऊर्जा दुपटीहून जास्त. .१७ एचएमआर २००२ चं. त्यात मॅग्नमचंच कवच मानेशी आवळून १७ ग्रेनची इवलीशी गोळी बसवली आहे. ती पावणेआठशे मीटरच्या वेगाने जाते, पण एवढ्या हलक्या गोळीला वारा लगेच ढकलतो.

सेंटरफायरमध्ये .२२ हॉर्नेट, .२२२, .२२३, .२२-२५० ही नावं वाचून वाटतं की गोळीची जाडी थोडी थोडी वाढत जाते. तसं काही नाही. चौघांची गोळी आज बहुतेक एकाच जाडीची असते, .२२४ इंच, म्हणजे ५.७ मिलिमीटर. फरक मागच्या कवचात आणि त्यात मावणाऱ्या दारूत. हॉर्नेट १९३० च्या सुमाराचं, ४५ ग्रेनची गोळी ८२० मीटरने फेकतं. .२२२ रेमिंग्टन १९५० चं; ५० ग्रेन, साडेनऊशे मीटर. .२२३ त्याच्याच कवचाला थोडं लांब करून झालं. ५५ ग्रेन, हजार मीटरच्या जवळ. .२२-२५० चं कवच .२५० सॅव्हेज या जुन्या काडतुसाचं, नावातले अडीचशे तिथून आले. ५५ ग्रेन आणि अकराशे मीटरच्या वर. ऊर्जेत सांगायचं तर साधी .२२ लाँग रायफल १४० ते १९० ज्यूल, मॅग्नम सव्वाचारशे ते साडेचारशे, हॉर्नेट हजाराच्या जवळ, .२२२ दीड हजार, .२२३ सतराशेच्या आसपास आणि .२२-२५० बावीसशे.

हे आकडे पाहून लगेच शेवटच्या नावाकडे बोट जातं. पण वेग फुकट मिळत नाही: नळी लवकर झिजते, आवाज कान फोडतो, गोळी चुकली तर कुठे जाऊन थांबेल ते आपल्या हातात राहत नाही. .२२३ हे सैन्याच्या ५.५६ मिलिमीटर काडतुसाचं जवळजवळ जुळं भावंड आहे, त्यामुळे आपल्या लायसन पद्धतीत नवख्याने त्याच्या नादाला लागूच नये. आणि .२२२ किंवा हॉर्नेट वाईट म्हणून नव्हे, तर काडतूस मिळणारच नाही म्हणून बाजूला पडतात. वापरलेली हॉर्नेट रायफल स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्याला ती पुढे कपाटातच ठेवावी लागते.

या गर्दीत एक नाव विनाकारण घुसतं: एअरगनचा .२२ छर्रा. तो साडेपाच मिलिमीटरचा असतो, काडतूस नसतोच. एअरगनमध्येही .१७७, म्हणजे साडेचार मिलिमीटर आणि २० ज्यूलपर्यंतची, याच मर्यादेत राहा. त्यापुढे लायसन लागतं, आणि .२२ एअरगन त्या "पुढे"मध्येच येते.

चौथी पायरी: परदेशी शिकारीचं गणित ऐका, पण तिथलं म्हणून

ज्यांचे भाऊबंद इंग्लंड-कॅनडात आहेत त्यांच्याकडून हे गणित ऐकायला मिळतं, म्हणून थोडक्यात. जिथे शिकार कायदेशीर आहे तिथेही छोट्या बोअरला वेसण आहे. इंग्लंडमध्ये मंटजॅक या छोट्या हरणासाठी किमान .२२० बोअर, ५० ग्रेनची गोळी आणि हजार फूट-पौंड ऊर्जा लागते. त्याहून मोठ्या हरणाला .२४० बोअर आणि १७०० फूट-पौंड. हजार फूट-पौंड म्हणजे १३५६ ज्यूल. म्हणजे हॉर्नेट बाद, .२२२ जेमतेम पास, आणि रिमफायरचा प्रश्नच येत नाही. मंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचाच भाऊ, वजनाने पंधरा किलोच्या आसपास.

आता नव्वद किलोच्या रानडुकराचा विचार करा. .२२ लाँग रायफलने ते मरत नाही, जखमी होतं, उसात शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी ऊसतोडणीला आलेल्या माणसावर येतं. मॅग्नमनेही ते जागच्या जागी पडत नाही, फार तर थोडं दूर जाऊन मरतं. "डोक्यात बसली की झालं" म्हणणाऱ्याचं न ऐकलेलं बरं. रात्री, बॅटरीच्या उजेडात, हलत्या जनावराच्या डोक्यात नेमकी गोळी घालणारे लोक गप्पांत भेटतात, शेतात नाही.

पाचवी पायरी: मग घ्यायचं काय?

माझं मत सरळ आहे. आपल्या भागातल्या नवख्याला .२२ लाँग रायफल, आणि कारण नेमबाजी. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याने याच काडतुसावर काय केलंय ते सगळ्यांना माहीत आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ४५१.४ गुणांवर कांस्यपदक आणलं. तिथल्या लक्ष्याचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, एका बोटाहूनही बारीक. त्यासाठी वेग नको, सारखेपणा हवा.

.२२ लाँग रायफलच्या डब्यांवरही दोन जाती लिहिलेल्या असतात. स्टँडर्ड व्हेलॉसिटी, सेकंदाला ३२५-३३० मीटर, आणि हाय व्हेलॉसिटी, ३७०-३८० मीटर. आवाजाचा वेग आपल्याकडच्या हवेत ३४५ मीटरच्या आसपास. हाय व्हेलॉसिटीची गोळी नळीतून आवाजापेक्षा जोरात निघते, वाटेत मंदावून तो उंबरा ओलांडते आणि त्या क्षणी थोडी डळमळते. स्टँडर्डची गोळी पहिल्यापासून अलीकडेच असते. म्हणून ५० मीटरला स्टँडर्डच घ्या. दुकानदार "हे जास्त पॉवरचं" म्हणेल. हसून स्टँडर्डचा डबा मागा. ५० मीटरला शून्य केलेली, म्हणजे तिथे बरोबर नेमावर लागेल असा नेम बसवलेली, ही गोळी १०० मीटरवर जवळपास वीतभर खाली लागते, हे एकदा कागदावर बघून घ्या म्हणजे लांबचे नेम धरायची हौस आपोआप आवरते.

एली, लापुआ, आरडब्ल्यूएस, एसके ही काडतुसं बनवणाऱ्यांची नावं क्लबात ऐकाल. महागडं एली टेनेक्स पहिल्याच वर्षी नको. स्वस्त सरावाच्या काडतुसांनी चाप दाबायची सवय बसू दे. मग दोन-तीन प्रकारांचा एकेक डबा घेऊन, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, ५० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे गट मारा. प्रकार बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका, नळीत आधीच्या मेणाचा थर असतो. सगळ्यात लहान गट, म्हणजे कागदावर सगळ्यात जवळजवळ भोकं देणारं काडतूस तुमच्या रायफलचं. मित्राच्या रायफलचं वेगळं निघेल, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा आकडा, लिहून ठेवा. लॉट बदलला की गटही बदलतो.

सहावी पायरी: नळी वाचा

रायफलच्या नळीवर काडतुसाचं नाव कोरलेलं असतं. डब्यावर आणि नळीवर अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. ".२२ एलआर" (लाँग रायफल) आणि ".२२ डब्ल्यूएमआर" (मॅग्नम) यात फक्त शेपूट बदललं आहे म्हणून चालवून घेऊ नका. मॅग्नमचं कवच जाड असतं. साधं काडतूस मॅग्नमच्या घरात, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, सैल बसतं, उडतं, आणि कवच फाटून गरम वायू डोळ्याकडे येऊ शकतो. उलट बाजूने मॅग्नम साध्या नळीत शिरतच नाही, ठोकून बसवायला जाऊ नये. .२२ शॉर्ट मात्र लाँग रायफलच्या घरात चालतं, फक्त पुढे काजळीचा कडा जमतो आणि पुढे लांब काडतूस अडकायला लागतं.

आजोबांच्या काळची हत्यारं घरात निघाली, नळीवरचं कोरीव झिजलेलं असलं, तर अंदाजाने काडतूस घालून बघणं हा मूर्खपणा आहे. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या. आणि लायसनधारक वारला असेल तर मोजण्याआधी हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाचा अर्ज करा. बाराव्याच्या गडबडीत हे राहून जातं आणि मग घरातली माणसं विनालायसन हत्याराची धनी ठरतात.

ठेवणं, नेणं, उडवणं

कणकुंबी-जांबोटीचा पाऊस काडतुसाला सोसत नाही. मूळ डबा, घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या. रायफल वेगळ्या कपाटात, काडतूस वेगळ्या, दोन्हींना कुलूप. काडतुसाला तेल लावू नका. तेल आत झिरपलं तर मसाला निकामी होतो. रिमफायर रायफलचा चाप रिकाम्या घरावर दाबत बसू नका, टाच घराच्या काठावर आपटते. सरावासाठी नकली काडतूस मिळतं.

चाप दाबला आणि काही झालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा. मग बोल्ट, म्हणजे नळीमागची सरकती कडी, उघडा. काही काडतुसं उशिरा पेट घेतात, विशेषतः ओल लागलेली.

.२२ ला खेळणं समजणाऱ्यांसाठी: याची गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते, आणि मऊ शिशाची असल्यामुळे जांभ्यावर, खडकावर, तळ्याच्या पाण्यावर आपटून भलतीकडे उडते. बेळगावच्या पश्चिमेला जांभा सगळीकडे आहे. मागे मातीचा उंच बंधारा नसेल तिथे सराव करायचा नाही. घराच्या गच्चीवर तर नाहीच, आणि लग्नाच्या वरातीत झाडलेल्या गोळीसाठी २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैदेची वेगळी तरतूद आहे.

शेवटचं सीमाभागाचं. लायसनवर ते कुठल्या हद्दीत चालतं ते लिहिलेलं असतं. फक्त कर्नाटकापुरतं असेल तर रायफल घेऊन कोगनोळी नाक्यापलीकडे कोल्हापूरला सरावाला जाणं गुन्हा ठरू शकतो, मग मागच्या सीटवर स्पर्धेचं पत्र असो किंवा नसो. कोल्हापूरच्या रेंजवर जायचं असेल तर हद्द वाढवून घ्यायचा अर्ज आधी करा, तो मंजूर होईपर्यंत तिथल्या क्लबची रायफल वापरा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो. दोन राज्यांच्या निवडणुका वेगवेगळ्या वेळी असतात, तुम्हाला तुमच्या लायसनच्या राज्याचा हुकूम लागू. जमा करताना पावती घ्या, तिच्यावर रायफलचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून मागा, आणि परत आणताना डबे तिथेच मोजा.